तेफळ की तिरफळ?

फोंड्याच्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. संगणक हातात आला तेव्हा पंचेचाळिशी उलटली होती, त्यामुळे जे शिकले ते चुका करत शिकले. संगणकाच्या या सदराकडे या महिन्यात आलेली निम्मी पत्रं एकाच दुखण्याची आहेत : वाचलेलं सापडत नाही, आणि वाचायचं राहून जातं. म्हणून यावेळी एका पत्राला बरीच जागा दिली आहे. बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. मी निवृत्त माध्यमिक शिक्षक, राहणार साखळी. गेली सहा वर्षं चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या चौकटीला, बांधतात त्या फळाफुलांची माहिती गोळा करतो आहे. इंटरनेटवर काही चांगलं दिसलं की लगेच बुकमार्क करतो, म्हणजे त्या पानाचा पत्ता साठवून ठेवतो. आता क्रोम या ब्राउझरमध्ये १,४०० च्या आसपास बुकमार्क झाले आहेत, बहुतेक सगळे एकाच ढिगात. पुतण्या म्हणाला म्हणून दोन महिन्यांत पाच वेगवेगळ्या ऑनलाइन सेवा वापरून पाहिल्या. परिणाम असा की आता पाच ठिकाणी थोडं थोडं आहे. परवा तिरफळावरचा एक उत्तम लेख शोधायला बसलो, दीड तास गेला, लेख मिळाला नाही. शिवाय दहा-बारा ब्लॉग आणि तीन संकेतस्थळं रोज सकाळी उघडून बघतो, काही नवीन आलं असेल म्हणून. बहुतेक दिवशी आलेलं नसतं. एखादं खात्रीचं साधन सुचवा. थोडे पैसे पडले तरी चालतील.

उत्तर : सर, तुमचा लेख बहुधा हरवलेला नाही. तो तुम्ही एका नावाने ठेवलात आणि दुसऱ्या नावाने शोधलात.

तुम्ही 'तिरफळ' लिहून शोधलं असणार. लेख लिहिणाऱ्याने 'तेफळ' लिहिलं असेल. कोकणीतून लिहिणारा 'तेफळां' लिहील. कुणी 'त्रिफळ' लिहितो, आणि ते लिहून शोधलंत तर हिरडा, बेहडा, आवळा घालून केलेलं चूर्ण समोर येतं, ज्याचा आपल्या बांगड्याच्या हुमणाशी, म्हणजे कालवणाशी, काही संबंध नाही. वनस्पतिशास्त्रवाला झँथोझायलम रेत्सा म्हणून मोकळा होतो. तुमच्या-माझ्या लेखी हे सगळं एकच, काटेरी झाडाचं वासदार फळ. यंत्राच्या लेखी पाच वेगळे शब्द. त्यात आणखी एक मेख आहे. क्रोममध्ये बुकमार्क शोधताना फक्त मथळा आणि पत्ता बघितला जातो, लेखाच्या आतला मजकूर बघितला जात नाही. लेखाचा मथळा 'आजीचा मसाल्याचा डबा' असेल, तर आत शंभर वेळा तिरफळ लिहिलेलं असूनही तुमच्या हाती काही लागणार नाही.

आमच्या कॉलेजात लाकडी कपाटात कार्डं असायची, साडेबारा सेंटिमीटर लांब, साडेसात रुंद, खाली भोक, त्यातून लोखंडी दांडी गेलेली. त्यात काही कार्डांवर पुस्तकाचं नावच नसे. नुसतं लिहिलेलं असे : 'तेफळ – पाहा : तिरफळ'. मुलं हसायची. जे पुस्तकच नाही त्याचं कार्ड कशाला, म्हणायची. पण मडगावचा मुलगा एका नावाने यायचा आणि सावंतवाडीहून शिकायला आलेली मुलगी दुसऱ्या नावाने यायची, दोघांनाही त्याच कपाटापाशी न्यायचं काम ते रिकामं कार्ड करायचं. तुमच्या पाच सेवांत नाही ते हे कार्ड. आणि ते कुठलीच सेवा तुम्हाला करून देणार नाही, कारण माटोळीतल्या कुठल्या फळाला सत्तरी तालुक्यात काय म्हणतात आणि पेडण्यात काय म्हणतात हे तुम्हाला माहीत आहे, त्यांना नाही.

तेव्हा साधनाचं नाव सांगण्याआधी एक काम देते. वहीचं एक पान घ्या. प्रत्येक फळाला एकच नाव ठरवा, तुमच्या आवडीचं. पुढे बाकीची नावं लिहा. कांगणां लिहिणार की मालकांगोणी? घागऱ्यो की खुळखुळा? जे ठरेल ते ठरेल, वाद घालत बसू नका, पण ठरल्यावर बदलू नका. गावांच्या नावांचंही तेच. मडगाव की मडगांव, फोंडा की पोंडा, म्हापसा की म्हापसें. मी स्वतः 'माडखोल' एका जागी आणि 'माडखोळ' दुसऱ्या जागी लिहून ठेवलं होतं आणि दोन्हींत निम्मं निम्मं साठवलं होतं. ग्रंथपाल म्हणवते आणि.

आता तुमच्या पत्रातले दोन प्रश्न वेगळे करू. तुम्ही ते एकात घातलेत, आणि ज्या पाच सेवा पाहिल्यात त्यांतही बहुधा ही सरमिसळ झाली आहे. रोज सकाळी बारा ब्लॉग उघडून बघणं हा एक प्रश्न, मिळालेलं जपून ठेवणं हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर आपल्या दारात रोज येतं. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पों पों करत येतो, आपण उठून त्याच्या भट्टीवर जात नाही. ब्लॉगचंही तसंच करता येतं. बहुतेक ब्लॉग आणि बातम्यांची स्थळं नवीन लेखांची एक यादी आपोआप तयार करत असतात, तिला फीड म्हणतात. ती यादी माणसाने वाचायची नसते, फीड वाचणाऱ्या प्रोग्रामने वाचायची. तो सगळ्यांच्या याद्या अधूनमधून बघून येतो आणि नवीन असेल तेवढंच तुमच्यापुढे ठेवतो. नसेल त्या दिवशी पोदेर येत नाही, तुमचा पाऊण तास वाचतो.

ही युक्ती जुनी आहे. मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत आरएसएस नावाने तिची सुरुवात झाली, आणि ती करणाऱ्या दोघांपैकी एक, रामनाथन गुहा, आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले. दुसरे डॅन लिबी. तुमचा पुतण्या जे पॉडकास्ट ऐकतो ना, तेही याच यादीवरून त्याच्या फोनपर्यंत पोचतात, त्याला माहीत नसलं तरी. पूर्वी ब्राउझरमध्येच एक नारिंगी चौकोन दिसायचा, पानाला फीड आहे हे सांगणारा. फायरफॉक्सने डिसेंबर २०१८ मध्ये, ६४व्या आवृत्तीत, फीड वाचायची सोयच काढून टाकली. तेव्हापासून पुष्कळांना वाटतं की फीड संपलीच. संपलेली नाही. वर्डप्रेसवरच्या ब्लॉगच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि इंग्रजीत फीड हा शब्द लिहिला की बहुतेकदा यादी उघडते. तेवढंही करायची गरज नसते, ब्लॉगचा साधा पत्ता वाचकात चिकटवला की तो फीड हुडकून काढतो. (वाचक म्हणजे इथे तो प्रोग्राम. माणसं वाचायला आहेत की नाहीत हा वेगळा विषय.)

कुठला वाचक घ्यायचा? मी श्रावणात बसून चार बघितले. आमच्याकडे बांदोड्याला श्रावणात वीज कधी जाईल सांगता येत नाही, शेजारच्या फणसाची फांदी पडून केबल तुटली तर दोन दिवस इंटरनेटही नाही, त्यामुळे माझी परीक्षा कडक होती. इनोरीडर आणि फीडली हे दोन ब्राउझरमध्ये चालतात, फोनवरही चालतात. फुकटात फीडलीवर १०० फीड घेता येतात आणि इनोरीडरवर १५०, तुमचे पंधरा आहेत. म्हणजे पैसे द्यायचा प्रश्न येत नाही. घरी आयफोन किंवा मॅक असेल तर नेटन्यूजवायर पूर्ण फुकट आहे. मी राहिले मात्र थंडरबर्डवर. तो मुळात ईमेलचा प्रोग्राम, पण त्यात फीडचं खातं उघडता येतं, आणि आलेलं माझ्याच संगणकावर उतरतं. केबल तुटली तरी कालपर्यंतचं बॅटरीवर वाचता येतं. दिसायला तो जुनाट आहे. मीही आहे.

तुम्ही थंडरबर्डच घ्या असं म्हणत नाही. फोनवर वाचायची सवय असेल तर पहिल्या दोघांपैकी एक घ्या. पण एकच घ्या, आणि घेण्याआधी त्याचा मागचा दरवाजा बघा, म्हणजे आत ठेवलेलं बाहेर काढता येतं का ते.

हे मागच्या दरवाज्याचं जरा सविस्तर सांगते, कारण तिथे मी स्वतः तोंडावर आपटले आहे. एका सेवेत मी दोन वर्षं लेख साठवत होते. नाव सांगत नाही. सहाशेच्या वर लेख झाले होते, त्यांत जुन्या फोंडा तालुक्यातल्या शाळांबद्दलचं पुष्कळ होतं. सेवा बंद होणार, अमुक तारखेपर्यंत आपला साठा उतरवून घ्या, असं पत्र त्यांनी पाठवलं. ते माझ्या ईमेलमध्ये जाहिरातींच्या कप्प्यात पडलं. चवथीचे दिवस, घरात तीसेक माणसं, मी नेवऱ्या तळते आहे, जाहिराती कोण बघतो? पत्र उघडलं तेव्हा तारीख जाऊन अकरा दिवस झाले होते. चूक त्यांची म्हणवत नाही, कळवलं होतं त्यांनी. पण सहाशे लेख गेले ते गेले.

मोठ्या नावाची सेवा आहे म्हणून ती टिकेल असंही नाही. गूगल रीडर हा फीडचा वाचक एकेकाळी जगभर वापरत. २००५ मध्ये सुरू झाला, १ जुलै २०१३ ला बंद केला. डिलिशस ही बुकमार्क साठवायची सेवा २००३ ची. ती याहूने घेतली, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, २०१७ मध्ये ती तिच्याच प्रतिस्पर्ध्याने, पिनबोर्डने, विकत घेतली आणि नुसती बघण्यापुरती ठेवली. पॉकेट ही लेख साठवायची सेवा तर अगदी कालची, ८ जुलै २०२५ ला बंद झाली. यात कुणाला शिव्या द्यायच्या नाहीत. दुकानं बंद होतात. भाड्याच्या खोलीत सामान ठेवताना मालक कधी खोली सोडायला सांगेल ते माहीत नसतं, एवढंच ध्यानात ठेवायचं.

म्हणून कुठलीही नवी सेवा बघताना मी सगळ्यात आधी सामान बाहेर काढून बघते. आत ठेवण्याआधी! वीस बुकमार्क आणि सात फीड, नेहमीचेच ठरलेले, आत घालते आणि लगेच 'एक्सपोर्ट' शोधते. फीडच्या यादीची जी फाइल मिळते तिला ओपीएमएल म्हणतात. बुकमार्कची फाइल एचटीएमएल असते, तिचं रूप नेटस्केपच्या काळापासून चालत आलेलं आहे आणि आजही सगळे ब्राउझर ते ओळखतात. दोन्ही साध्या मजकुराच्या फाइली आहेत. नोटपॅडमध्ये उघडा. मथळे आणि पत्ते वाचता येतात का? मराठी अक्षरं मराठी दिसतात का, की प्रश्नचिन्हांची रांग दिसते? तुम्ही लावलेल्या खुणा, म्हणजे टॅग, त्यात आले का? मग ती फाइल दुसऱ्या सेवेत चढवून बघा. मी पाहिलेल्या एका सेवेतून सगळे पत्ते नीट बाहेर आले, पण टॅग आत राहिले. म्हणजे खोली सोडताना भांडी दिली, झाकणं ठेवून घेतली. दुसऱ्या एकीत देवनागरी टॅग लिहिला की काना-मात्रा गळून नुसती व्यंजनं उरत. 'माटोळी'चं 'मटळ'. यांचीही नावं सांगत नाही, अंक छापून येईपर्यंत सुधारलेलं असू शकेल. आपलं आपण तपासायचं, वीस मिनिटांचं काम आहे.

बुकमार्कसाठी आता मी दोनच गोष्टी वापरते. एक फायरफॉक्स. त्यात बुकमार्क करतानाच टॅग लिहायची जागा असते, क्रोममध्ये ती नाही. पत्त्याच्या पट्टीत तारा, म्हणजे फुली आणि आडवी रेघ मिळून होते ती खूण, टाइप करून जागा सोडली आणि शब्द लिहिला की फक्त आपल्या बुकमार्कांत शोध होतो. दुसरं रेनड्रॉप. ते फुकटात हवे तेवढे बुकमार्क ठेवू देतात आणि फोन, संगणक दोन्हीकडे दिसतात. लेखाच्या आतल्या मजकुरात शोधायची आणि लेखाची प्रतच जपून ठेवायची सोय पैसे भरणाऱ्यांना आहे. तुम्ही थोडे पैसे म्हणालात, ते खर्चायचेच असतील तर या सोयीवर खर्चा, फीडवर नको. पण आधी सहा महिने फुकट वापरा.

पुतण्या कदाचित म्हणेल की काका, फीडसाठी फ्रेशआरएसएस, बुकमार्कसाठी लिंकडिंग असलं स्वतःच्या सर्व्हरवर, म्हणजे कायम चालू ठेवलेल्या आपल्याच संगणकावर, चालवू. चालतं, चांगलं चालतं. फक्त पुतण्या पुण्याला नोकरीला गेला की सर्व्हर कोण बघणार ते आधी विचारा.

टॅगबद्दल एक. फोल्डर म्हणजे माटोळीला बांधलेलं फळ, एका जागी बांधलं की तिथेच. तिरफळाचा लेख 'फळं'मध्ये ठेवायचा, 'मासळीचे पदार्थ'मध्ये की 'सत्तरी'मध्ये? टॅग मात्र एकाच लेखाला तिन्ही लावता येतात. आणि तुमच्या वहीतलं ठरलेलं नाव पहिला टॅग. मथळाही बदला. सर, हे फार कमी लोक करतात. बुकमार्क करताना मथळा जसा येतो तसा ठेवायची सक्ती नाही. 'आजीचा मसाल्याचा डबा' पुसून 'तिरफळ, तेफळ : मसाल्यातला वापर, झाडाचा फोटो' असं लिहा. तेच तुमचं रिकामं कार्ड झालं, दोन्ही नावांनी सापडेल.

राहिले ते १,४०० बुकमार्क. ते लावत बसू नका. मला माहीत आहे, शिक्षकाला ढीग बघवत नाही. पण मी सांगते, पहिले दोनशे लावून होतात, तिसऱ्या शंभरात कंटाळा येतो, आणि मग एक नवी सहावी सेवा शोधायची इच्छा होते. सगळ्या पाच ठिकाणांहून फाइली उतरवून घ्या, एका पेनड्राइव्हवर ठेवा, एक प्रत स्वतःलाच ईमेल करा. मग सगळं एका फोल्डरमध्ये टाकून त्याला 'जुना ढीग' नाव द्या आणि तारीख घाला. यापुढे ढिगातलं जे काही कामासाठी उघडाल, त्यालाच नवा मथळा, टॅग आणि नवी जागा. वर्षभरात जे एकदाही उघडलं नाही ते तसंच राहू दे. आम्ही दर उन्हाळ्यात साठा पडताळणी करायचो तेव्हा असंच दिसायचं, फिरणारी पुस्तकं तीच ती, बाकीच्यांवर धूळ.

त्या ढिगातले बरेच दुवे मेलेलेही निघतील, त्याची तयारी ठेवा. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये मोजून सांगितलं की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी मिळत नव्हती. आपल्याकडच्या मराठी-कोकणी ब्लॉगांचं कुणी मोजल्याचं माझ्या पाहण्यात नाही, पण ब्लॉगवाला वारला किंवा कंटाळला की काय होतं ते आपण पाहतोच. मेलेला पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकून बघा, कधीकधी जुनी प्रत तिथे निघते. आणि आज एखादा मोलाचा लेख मिळाला तर त्याच पानावर 'सेव्ह पेज नाऊ' अशी जागा आहे, तिथे पत्ता टाका, प्रत तिथे राहते. फार मोलाचा असेल तर सरळ छापून घ्या. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची सुरुवात १८३२ ची, आणि तिथला जुना कागद आजही हातात घेऊन वाचता येतो.

तुमची माटोळीची यादी पूर्ण झाली की मला पाठवा. लेखासाठी नको, माझ्यासाठी. यंदा आमच्या माटोळीला कवंडळ मिळालं नाही.

प्रश्न : ताई, मी मडगावला राहते. काही आवडलं की व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवते. आता त्यात दूधवाल्याचा हिशेब, मुलाच्या शाळेच्या सूचना आणि रेसिपी सगळं एकत्र झालंय. यूट्यूबवरचे काही मराठी स्वयंपाकाचे चॅनलही बघायचे असतात, पण उघडलं की भलतंच काहीतरी समोर येतं आणि तासभर जातो. काय करू?

उत्तर : स्वतःला पाठवणं वाईट नाही. दारामागच्या खुंटीवर पिशवी अडकवतो तसं ते. रविवारी दहा मिनिटं बसून जे ठेवायचं ते बुकमार्कमध्ये न्यायचं, बाकी पुसायचं. दूधवाल्याचा हिशेब त्याला द्यायचा.

यूट्यूबच्या प्रत्येक चॅनलला फीड असते, हे पुष्कळांना माहीत नाही. चॅनलच्या पानाचा पत्ता फीडच्या वाचकात चिकटवा. शेवटचे पंधरा व्हिडिओ येतील आणि पुढचे येत राहतील. मधे कुणी काही सुचवणार नाही, शेजारी काही नाचणार नाही. हवी ती रेसिपी तेवढी उघडायची आणि बंद करायची. उघडल्यावर खाली उजवीकडे बघू नका मात्र, तिथे फीडचा इलाज चालत नाही.

प्रश्न : मी काणकोणचा. सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी करतो. जाहिराती ज्या संकेतस्थळांवर येतात त्यांना फीड नाही. पान बदललं की कळवणारी साधनं असतात असं ऐकलं. भरवसा ठेवू का?

उत्तर : असतात. डिस्टिल, व्हिजुअलपिंग अशी नावं आहेत. पानाचा ठरावीक भाग अधूनमधून बघून बदल झाला तर कळवतात. पण पानावर नुसता आकडा किंवा तारीख बदलली तरी घंटा वाजते, आणि दहा वेळा खोटी वाजली की अकराव्या वेळी तू बघणार नाहीस. उलटही होतं. जाहिरात स्कॅन केलेली पीडीएफ असते, तिच्या आतलं साधनाला वाचता येत नाही, वर मथळा तोच राहिला तर बदल कळतही नाही. म्हणून सोबत ठेव, भरवसा ठेवू नकोस. त्या चार-पाच पानांचा एकच फोल्डर कर, ब्राउझरमध्ये फोल्डरवर उजवी कळ दाबली की सगळी एकदम उघडता येतात. रोज रात्री जेवल्यावर एकदा. दोन मिनिटं लागतात, आणि शेवटची तारीख चुकली तर एक वर्ष जातं.

प्रश्न : मराठी पानाचा दुवा कुणाला पाठवला की तो टक्क्यांच्या खुणांची आणि इंग्रजी अक्षरांची वीतभर माळ होऊन जातो. बुकमार्क बिघडला का? – वाचक, डिचोली

उत्तर : बिघडला नाही. वेबपत्त्यात देवनागरी अक्षर जसंच्या तसं पाठवायची पद्धत नाही, ते संकेतात बदलून जातं. एका 'म'ची जागा नऊ खुणा घेतात : टक्क्याची खूण, ई, शून्य, पुन्हा टक्का, ए, चार, पुन्हा टक्का, ए, ई. काना, वेलांटी, अनुस्वार यांच्याही प्रत्येकी नऊ. 'माटोळी'त पाच... थांबा, मोजते. म, काना, ट, ओकार, ळ, दीर्घ वेलांटी. सहा, म्हणजे चोपन्न खुणा. दुवा चालतो, फक्त तो मधे तुटू देऊ नका. काही ठिकाणी लांब दुवा दोन ओळींत मोडतो आणि दाबल्यावर पहिली ओळच उघडते. पाठवताना आधी मथळा लिहा, खाली दुवा, म्हणजे घेणाऱ्याला निदान काय उघडायचं ते कळेल.

प्रश्न : बँकेच्या पानाचा बुकमार्क ऑनलाइन सेवेत ठेवावा का?

उत्तर : ऑनलाइन सेवेत नको, ब्राउझरमध्ये ठेवा. पत्ता बँकेच्या पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागच्या बाजूवरून बघून स्वतः टाइप करा, आणि तो एकदाच बुकमार्क करा. नंतर नेहमी तिथूनच जा. मेसेजमध्ये आलेल्या दुव्यावरून बँकेत जाऊ नका, मेसेज कितीही घाबरवणारा असो. आणि कुठल्याही सेवेत नवा संग्रह करताना तो सगळ्यांना दिसतो की फक्त तुम्हाला, हे एकदा बघून घ्या.

दुरुस्ती : मागच्या अंकात मी लिहिलं होतं की क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि बी दाबलं की बुकमार्कांचा व्यवस्थापक उघडतो. त्याने फक्त वरची बुकमार्कांची पट्टी दिसते किंवा लपते. व्यवस्थापकासाठी बीच्या जागी ओ दाबायचा. कुडचड्याहून दोघांनी आणि वास्कोहून एका बाईंनी कळवलं, त्या बाईंनी तर पट्टी गायब झाली म्हणून फोनच केला होता. तीच तीन बटणं पुन्हा दाबा, पट्टी परत येईल.